प्रश्न तुमचे : तुसातलं पाणी, तीस टक्क्यांचा हिशोब आणि ‘निसर्गस्नेही’ कप

मागच्या अंकात शेतातला काडीकचरा दळून प्लास्टिकमध्ये मिसळण्याबद्दल चार ओळी लिहिल्या आणि टपालात त्याच विषयाची रीघ लागली. त्यातले निवडक प्रश्न या वेळी घेते. कंपाउंडिंगच्या, म्हणजे प्लास्टिकमध्ये भर मिसळून दाणा बनवायच्या, मशीनवर माझं आयुष्य गेलंय, त्यामुळे उत्तरं थोडी कारखान्याच्या भाषेत येतील.

ताई, माझं इंजेक्शन मोल्डिंगचं छोटं युनिट आहे. पीपीमध्ये (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकमध्ये) ३० टक्के भाताच्या तुसाची पावडर घालून झाकणं काढतो. तूस चांगलं कडक उन्हात वाळवलेलं असतं, तरी झाकणांवर चांदीसारख्या रेघा येतात आणि कापून पाहिलं तर आत भोकं दिसतात. बॅरल, म्हणजे स्क्रू फिरवत माल वितळवणारी नळी, २१५ अंशांवर आहे. ऑपरेटर म्हणतो, पीपीचा दाणाच खराब आलाय. खरं काय?

दाण्याला उगाच बदनाम करू नका. तुमच्या मालात पाणी आहे. उन्हात वाळलेलं तूस हाताला कुरकुरीत लागतं, पण हवेतली ओल त्याच्या अंगात असतेच. ७-८ टक्के सहज निघते. आता हिशोब करा. १०० किलोच्या घाण्यात ३० किलो तूस, त्यात ८ टक्के पाणी, म्हणजे २ किलो ४०० ग्रॅम. एक ग्रॅम पाण्याची वाफ दीड लिटरहून जास्त जागा मागते. म्हणजे एका घाण्यामागे चार हजार लिटरच्या वर वाफ तुम्ही साच्यात कोंडायला निघालात. तिनं बाहेर पडताना रेघा नाही काढायच्या तर काय करायचं?

अंदाजावर जाऊ नका, मोजा. दहा ग्रॅम पावडर पसरट ताटलीत घ्या, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत अधूनमधून काट्यावर टाका. ९.२ वर थांबलं तर ओल आठ टक्के. आपल्याला ती एक टक्क्याच्या खाली हवी, अर्ध्या टक्क्यावर आली तर उत्तम. गरम हवेच्या ड्रायरला पर्याय नाही. आणि वाळवलेला माल उघड्या टबात ठेवून जेवायला गेलात तर तो परत हवेतली ओल ओढून बसणार. गरम असतानाच जाड पिशवीत बांधा, नाहीतर थेट हॉपरमध्ये (मशीनच्या वरच्या नरसाळ्यात) घ्या.

दुसरं, २१५ फार झालं. पीपी १६५ च्या आसपास वितळतं, आणि काडीकचऱ्यातला हेमिसेल्युलोज हा घटक २०० च्या पुढे तग धरत नाही. तो करपतो, त्याचेही वायू सुटतात, रंग काळपट होतो आणि जळकट वास मालाला कायमचा चिकटतो. १७५ ते १९० मध्ये राहा. स्क्रूचा वेग आणि बॅक प्रेशर (स्क्रूवरचा मागचा दाब) हेही उतरवा. घासून घासून आतलं तापमान मीटरवर दिसतं त्याच्या वर जातं. जमलं तर आधी व्हेंट (वाफ बाहेर सोडणारं तोंड) असलेल्या ट्विन-स्क्रूवर, म्हणजे दोन स्क्रूंच्या मशीनवर, दाणा बनवून घ्या आणि मोल्डिंगच्या आधी तो दाणा पुन्हा वाळवा. सुटी पावडर आणि पीपी एकत्र ढवळून सरळ मोल्डिंग मशीनच्या हॉपरमध्ये टाकणं मला कधीच पटलेलं नाही. पावडर हॉपरच्या गळ्याशी कमान धरते, दाणा खाली निसटतो, आणि पहिल्या झाकणाचा शंभराव्याशी मेळ बसत नाही.

जाता जाता एक: तुसाच्या वजनात १५ ते २० टक्के सिलिका असते. स्क्रू-बॅरल साध्या पोलादाचं असेल तर ती ते खाणार. कडक केलेला स्क्रू घ्या.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलं फलक करत आहेत. ‘३० टक्के तूस घातलं की ३० टक्के प्लास्टिक वाचतं’ असं लिहिलं तर बरोबर ना?

नाही, आणि ही चूक मोठमोठ्या माहितीपत्रकांतही छापून येते. आपण मिसळतो वजनावर आणि साचा भरतो घनफळावर. एक लिटर पीपी साधारण ९०० ग्रॅम भरतं. तुसाची घनता १.४ धरा. वजनी ३०-७० मिश्रण एक लिटर केलं तर ते सुमारे १,००८ ग्रॅम होतं आणि त्यात पीपी असतं ७०६ ग्रॅम. म्हणजे वाचलं १९४ ग्रॅम, साडेएकवीस टक्के. वस्तू मात्र बारा टक्के जड झाली.

मुलांना तुलनाही करायला लावा. तुसाऐवजी ३० टक्के कॅल्शियम कार्बोनेट घातलं, ज्याची घनता २.७ आहे, तर वाचणारं पीपी जेमतेम साडेबारा टक्के. काडीकचऱ्याची खरी जमेची बाजू ही, की खनिज पावडरीपेक्षा तो हलका आहे. वस्तू ताठही होते. पण ताठपणाबरोबर ठिसूळपणा येतो: वाकायची तयारी कमी, पडली की तडा. फलकावर हेही लिहा, परीक्षकांना आवडेल.

हे सगळं नवं फॅड वाटतं. पाच वर्षांत विसरलं जाईल, नाही का?

रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलंडनं १९०७ मध्ये बेकेलाइट हे प्लास्टिक केलं, त्याला मोल्डिंगमध्ये बळ दिलं लाकडाच्या पिठानं. पूर्व जर्मनीतल्या ट्राबांट गाडीचे बाहेरचे पत्रे कापसाचा टाकाऊ धागा आणि फिनॉलिक रेझिन दाबून केलेले असत. २०१० च्या फोर्ड फ्लेक्स गाडीत सामान ठेवायचे कप्पे २० टक्के गव्हाचं काड घातलेल्या पीपीचे होते. फॅड म्हणायला वय जरा जास्तच झालंय.

‘बांबूपासून बनवलेला, निसर्गात विरघळणारा’ असं लिहिलेला कप घेतला आहे. रोज त्यातून गरम चहा पितो. काही काळजी घ्यावी का?

कप कशाचा आहे हे बांबू ठरवत नाही, त्याला धरून ठेवणारं प्लास्टिक ठरवतं. असे टणक, चिनीमातीसारखे वाजणारे कप बहुतेक मेलामाइन-फॉर्मल्डिहाइड रेझिनचे असतात आणि बांबूची पावडर त्यात भरतीला असते. गरम आणि आंबट पेय असलं की अशा कपांतून मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड पेयात उतरतं. काही नमुन्यांत ते मर्यादेपेक्षा जास्त सापडलं आहे. जर्मनीच्या बीएफआर या जोखीम-मूल्यमापन संस्थेनं याबद्दल इशारा दिला आहे. खाद्यपदार्थांच्या संपर्कात येणाऱ्या प्लास्टिकमध्ये बांबूची पावडर घालायला युरोपीय संघात परवानगीच नाही, आणि २०२१ मध्ये तिथे अशा मालाविरुद्ध खास मोहीम उघडली गेली.

तेव्हा चहा स्टीलमध्ये किंवा काचेत घ्या. हा कप पेनं ठेवायला छान आहे. मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नको.

आणि ‘विरघळणारा’ म्हणाल, तर बांबूचा किंवा तुसाचा कण कुजू शकतो, रेझिन किंवा पीपी कुजत नाही. कणाभोवती प्लास्टिकचं कवच असल्यामुळे कणही सहजी कुजत नाही. वर असा माल साध्या पीपीच्या भंगारात मिसळला की तो अख्खा लॉट डागाळतो. पाकिटावर हिरवं पान छापायला खर्च काहीच येत नाही, हे ध्यानात ठेवा.

प्रकल्पासाठी गव्हाचं काड आणि पीपी मिसळले. मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं पीपी घालायला सरांनी सांगितलं, पण ते महाग आहे. गाळलं तर चालेल?

तुकडा फक्त ताठ हवा असेल तर चालेल. ताकद हवी असेल तर नाही. काडातल्या सेल्युलोजच्या अंगावर हायड्रॉक्सिल गट असतात, त्याला पाणी प्रिय. पीपी पाण्याला उभं करत नाही. दोघं शेजारी राहतात, पण जोडले जात नाहीत. अनहायड्राइड हायड्रॉक्सिलशी एस्टर बंध करतं आणि त्याची पीपीची शेपटी पीपीत गुंतते. एकूण वजनाच्या २ ते ५ टक्के पुरतं. दोन्ही तऱ्हेच्या पट्ट्या मोडा आणि तुटलेली कड भिंगाखाली धरा. नुसत्या मिश्रणात काडाचे कण सुळकन निसटून आलेले दिसतील, मागे गुळगुळीत खाचा. जोडणारं घातलेल्या पट्टीत कण मधूनच तुटलेले असतील. तो फोटो प्रकल्पवहीत लावा. पीपीऐवजी पॉलिथीन वापरणार असाल तर त्यासाठी या जोडणाऱ्याचा वेगळा प्रकार मिळतो.

आमच्याकडे दरवर्षी पऱ्हाटी (कापसाच्या वाळक्या काड्या) जाळावी लागते. ही पावडर करून विकता येईल का? घेणारे काय बघतात?

आधी माती बघतात. मुळासकट उपटलेली पऱ्हाटी तशीच दळली तर वाळू पावडरीत येते आणि समोरच्याचा स्क्रू घासते. मुळं छाटा, काड्या झटका. मग जाडी: बहुतेकांना ४० ते १०० मेशच्या (मेश म्हणजे चाळणीच्या एका इंचातली छिद्रं) मधला, एकसारखा माल हवा असतो. सालीचे तंतू गोळे धरतात, ते चाळणीत अडकवून वेगळे काढा. बुरशीचा वास आला तर माल परत येणार. काड्या फार फुगीर असतात, गाडीत निम्म्याहून जास्त हवाच भरते. म्हणून दळायची सोय शेताजवळच हवी.

चक्कीच्या खोलीत विडी, वेल्डिंग, ठिणगी काही नको. बारीक वनस्पती-धूळ हवेत उडालेली असताना पेट घेते तेव्हा नुसती जळत नाही, स्फोट होतो.

पण गिरणी टाकायच्या आधी गिऱ्हाईक शोधा. नमुन्याचं पोतं घेऊन दाणा बनवणाऱ्याकडे जा, त्याला कोणता मेश आणि किती ओल चालते ते लिहून आणा.

पाण्याच्या बाटल्यांच्या भंगारात लाकडाचा भुसा घालून फळ्या करता येतील का?

वितळवून नाही. बाटल्या पेट (पीईटी) नावाच्या प्लास्टिकच्या, ते वितळतं २५० अंशांच्या आसपास. तोवर भुशाचा कोळसा. बाटल्यांची झाकणं मात्र पीपीची किंवा पॉलिथीनची असतात, ती वेगळी काढा. त्यांच्या फळ्या होतील.