चालता येऊ लागले, मग गोळी कशाला?

प्रश्न : माझ्या ६८ वर्षांच्या आईच्या खुब्याचा सांधा बदलून १६ दिवस झाले. रक्त पातळ करण्याची गोळी रोज एक अशी ३५ दिवस घ्यायची आहे. आता ती वॉकर घेऊन घरभर फिरते आणि मांडीवर काळानिळा डाग दिसल्यापासून गोळी नको म्हणते. दोन दिवसांच्या गोळ्या तशाच राहिल्या आहेत. गोळी बंद केली तर चालेल का, की राहिलेल्या एकदम द्याव्यात?

उत्तर : दोन्ही करू नका. दोन दिवसांचा खंड आणि मांडीवरचा डाग, दोन्ही गोष्टी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना आजच फोन करून सांगा आणि त्यांच्या सल्ल्याने नेहमीच्या वेळी एकच गोळी सुरू करा. भरपाई म्हणून जास्त गोळ्या दिल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आईंची नाराजी मला समजते, कारण ही गोळी घेऊन बरे वाटत नाही आणि चुकवली तरी त्या दिवशी काही बिघडलेले दिसत नाही. तिचे रूढ नावही फसवे आहे : रक्त पातळ होत नाही, गुठळी धरण्याची क्रिया मंदावते. शस्त्रक्रियेत शिरांना इजा होते, रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि हालचाल कमी झाल्याने पायातले रक्त संथ वाहते. हा धोका टाके निघाल्यावरही काही आठवडे राहतो, म्हणूनच खुब्यानंतर ३५ दिवसांपर्यंत आणि गुडघ्यानंतर निदान १० ते १४ दिवस औषध देतात. पोटरीतली गुठळी कित्येकदा दुखतही नाही, पण तिचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला तर जिवावर बेतते. चालणे हवेच, पण गोळीच्या जोडीला. रिवारोक्साबानसारख्या गोळीचा परिणाम साधारण दिवसभरात ओसरतो, त्यामुळे कालची गोळी आज पुरत नाही.

शस्त्रक्रियेनंतर असा डाग अनेकांना पडतो. मात्र तो पसरत असेल, जखमेतून रक्त येत असेल किंवा शौचास काळी होत असेल, तर गोळी देण्याआधी डॉक्टरांशी बोला. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके स्वतःच्या मनाने देऊ नका.

गोळ्यांच्या पाकिटावर प्रत्येक गोळीपाशी पेनाने तारीख लिहून ठेवा, म्हणजे चुकलेली गोळी त्याच दिवशी डोळ्यांत भरेल. एका पायाची पोटरी सुजली, गरम लागली, तर त्याच दिवशी दाखवा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले, तर क्षणभरही न थांबता त्यांना रुग्णालयात न्या.