पॅकेजची बातमी आणि तुझे शेअर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तुझा मेसेज वाचला. अतिवृष्टीचं पॅकेज जाहीर झालं की गावात पैसा खेळतो, मग खत-ट्रॅक्टरवाल्या कंपन्यांचे शेअर आधीच घेऊन ठेवावेत का, असं विचारतोस. घाई करू नको.

आधी आकडा फोडून बघ. ऑक्टोबर 2025 मध्ये राज्यानं 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. मथळ्यात आला तो हाच आकडा. पण त्यात रस्ते-पुलांसारख्या कामांचे 10 हजार कोटी होते, पीकविम्याची अपेक्षित रक्कमही होती. शेतकऱ्याचा हिशेब हेक्टरी चालतो. आपत्ती निधीचा निकष तेव्हा हेक्टरी कोरडवाहूला 8,500 रुपये, बागायतीला 17,000, फळबागेला 22,500, तेही नुकसान किमान 33 टक्के असेल तर. त्या खेपेला मदतीची मर्यादा दोनाची तीन हेक्टर झाली, रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी 10 हजार वेगळे मिळायचे ठरले, हे खरं. पण मूळ 8,500 एकरी मांडले तर 3,400 होतात. म्हणजे डीएपी खताच्या अडीच बॅगा! ज्याचं सोयाबीन वावरात उभ्यानं कुजलं तो यातून ट्रॅक्टर कुठून घेणार, बाप्पा?

शिवाय ते हाती पडायला वेळ लागतो. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक यांचा पंचनामा, मग यादी, यादीतला ज्याचा-त्याचा विशिष्ट क्रमांक, काहींना सेतूवर केवायसी म्हणजे ओळख पटवणं. सातबारा सामाईक असला की भावांच्या संमतीपाशी गाडी अडलीच म्हणून समज.

आणि आल्यावर जातं कुठं? माझ्या कृषी केंद्रात ते नव्या बिलावर क्वचितच येतं. माणूस मोबाइलवरचा बँकेचा मेसेज दाखवतो, दोन हजार काउंटरवर ठेवतो, “बाकीचे तूर निघाल्यावर, काकाजी,” म्हणतो आणि मी उधारीच्या वहीत त्याचं पान काढतो. आम्हा दुकानदारांची वसुली झाली की कंपनीची आमच्याकडची बाकी सुटते. म्हणून बियाणं-औषधाच्या कंपनीत पैसे घालायचे असतील तर विक्रीच्या आधी तिची येणी, म्हणजे विकलेल्या मालाचे यायचे राहिलेले पैसे, बघ. दोन तिमाही येणी फुगतच असतील तर पॅकेजच्या बातमीवर जाऊ नको.

गावोगावी कर्ज देणाऱ्या बँकेचं आणखी जपून. आपत्तीत पीक बुडालं की रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पीककर्जाचं पुनर्गठन करता येतं, म्हणजे फेडीची मुदत वाढवून देता येते, मग ते खातं लगेच एनपीएत, म्हणजे थकलेल्या कर्जांत, दिसत नाही. त्यामुळे एनपीए कमी दिसला म्हणून खूश होऊ नको, पुनर्गठित कर्जं किती वाढली ते शोध.

तुमच्या घरी येईल त्या अनुदानातून मात्र एक रुपयाही शेअरमध्ये टाकू नको. तुझ्या बाबांना हरभरा पेरायचा आहे.

ताळेबंदात येणी कुठं लिहितात ते सापडलं नाही तर रविवारी दुकानात ये. सोमवारी बाजार असतो, मला मान वर करायला सवड नसते.

तुझा,
काकाजी