नोकरी न सोडता पंक बँड चालतो का? ‘कॉक स्पॅरर’ची गोष्ट

तुमचा प्रश्न असा आहे: “कामगार वस्तीतून आलेल्या पंक बँडची कारकीर्द नक्की कशी असते? आणि नोकरी न सोडता बँड टिकतो का?”

पंक म्हणजे सत्तरीच्या दशकात आलेलं रांगडं, बंडखोर रॉक संगीत. दुसऱ्या प्रश्नात माझा स्वार्थ आहे. मी भोसरीत एका कंपनीत क्वालिटीला आहे आणि सुट्टीच्या दिवशी बेस गिटार वाजवतो. आमच्या बँडची कारकीर्द सांगण्यासारखी नाही. एका पबवाल्याने ठरलेल्या पैशांऐवजी चौघांना पोटभर जेवू घातलं, ही आमची आजवरची सर्वांत मोठी कमाई. त्यामुळे आमचं राहू द्या. ज्यांची गाणी ऐकून आम्ही हातात वाद्यं घेतली, त्यांचं सांगतो. लंडनच्या ईस्ट एंडचा बँड, नाव कॉक स्पॅरर.

नाव ऐकून हसू नका. त्याचा अर्थ चिमणा, नर चिमणी. ईस्ट एंडच्या कॉकनी बोलीत दोस्ताला लाडाने अशी हाक मारायची पद्धत होती, आपल्याकडे ‘काय राव’ किंवा ‘काय मर्दा’ म्हणतात तशी. ‘स्पॅरो’चं ‘स्पॅरर’ झालं तेही त्या बोलीतच. म्हणजे पहिलं गाणं वाजायच्या आधीच, आपण कुठले, हे नावानेच सांगून टाकलेलं.

सुरुवात १९७२ ची. कॉलिन मॅकफॉल गायला, मिक बोफॉय गिटारवर, स्टीव बर्जेस बेसवर आणि स्टीव ब्रूस ड्रम्सवर. चौघे शाळासोबती. तेव्हा पंक हा शब्द अजून कुणाच्या तोंडी नव्हता. ही पोरं पबात वाजवायची, स्मॉल फेसेस या ईस्ट एंडच्याच जुन्या बँडच्या वळणाने. शनिवारी वेस्ट हॅम या तिथल्या क्लबची फुटबॉल मॅच. आणि मैदानात हजारो माणसं एका सुरात ओरडतात तसं कोरस त्यांच्या गाण्यात हळूहळू आपसूक शिरलं. माझ्या मते या बँडची अर्धी किमया त्या कोरसमध्ये आहे. ते ऐकायचं नसतं, त्यात आपण ओरडायचं असतं.

या पोरांच्या आजूबाजूचं तेव्हाचं लंडनही समजून घ्यायला हवं. ईस्ट एंड म्हणजे गोदी. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जिथे माल उतरवायची ती ईस्ट इंडिया डॉक १९६७ मध्ये बंद झाली. कंटेनर आले, मोठी जहाजं नदीच्या मुखाकडे टिलबरीला लागू लागली. पोती-पेटारे पाठीवर वाहणाऱ्या माणसांची गरज संपली. एकेक करत १९८१ पर्यंत रॉयल डॉक्सही मिटल्या. बाप गोदीत म्हणून पोरगा गोदीत, ही साखळी एका पिढीत तुटली. लालबाग-परळमध्ये वाढलेल्या माणसाला हे आणखी समजावून सांगायला नको.

आता तो प्रसिद्ध किस्सा. १९७६ च्या सुमारास माल्कम मॅक्लारेन या पोरांना पाहायला आला. हा किंग्ज रोडवर कपड्यांचं दुकान चालवणारा, सेक्स पिस्टल्स या पुढे गाजलेल्या पंक बँडचा मॅनेजर. त्याला आणखी एक बँड हाताखाली हवा होता. बोलणी फिसकटली. बँडवाले स्वतः सांगत आले आहेत ते कारण असं, की गडी पबात बसला, बोलला भरपूर, पण त्याने कुणालाही बिअर पाजली नाही. इंग्लंडच्या पबात ‘राउंड’ असतो. एकाने सगळ्यांसाठी आणायची, मग दुसऱ्याने. आपला राउंड चुकवणारा माणूस त्यांच्या लेखी, टपरीवर रोज चहा पिऊन कधीच खिशात हात न घालणाऱ्या माणसासारखा. अशा माणसाच्या हाती आपलं नशीब द्यायचं नाही, असं ठरलं. सांगून सांगून किस्सा घासूनपुसून चकचकीत झाला असणार, हे मला कळतं. तरी मला तो खरा वाटतो. कारण पैशाच्या बाबतीत समोरचा कसा आहे हे ओळखायची गरिबाची रीत हीच असते.

दुर्दैव असं, की मॅक्लारेनला ओळखणारे हे लोक पुढे करारावर सही करताना चुकले. १९७७ मध्ये पंकची लाट आली आणि मोठ्या कंपन्या जाळं टाकून बसल्या. कॉक स्पॅररला डेक्काने घेतलं. १९६२ मध्ये बीटल्सना परत पाठवणारी ती हीच कंपनी. ‘रनिंग रायट’ हे पहिलं सिंगल, म्हणजे सुट्या गाण्याची छोटी रेकॉर्ड, आलं, त्यामागोमाग रोलिंग स्टोन्सचं ‘वी लव्ह यू’ त्यांनी आपल्या पद्धतीने वाजवलेलं. दोन्ही फारसं खपलं नाही. कंपनीने हात वर केले. पूर्ण रेकॉर्ड झालेला पहिला अल्बम १९७८ मध्ये बाहेर पडला तो फक्त स्पेनमध्ये! ईस्ट एंडच्या बोलीत, ईस्ट एंडच्या गल्ल्यांबद्दल गायचं आणि रेकॉर्ड मिळणार माद्रिदच्या दुकानात. घरच्या माणसांना ती बाहेरून मागवावी लागायची.

इथे रेकॉर्ड करार ही काय चीज असते ते सांगतो, कारण नवीन पोरं इथेच फसतात. कंपनी सुरुवातीला रक्कम हातात देते. ती कमाई नव्हे. ती ऊसतोड कामगाराची उचल. रेकॉर्डिंगचा खर्च सहसा त्याच खात्यावर मांडला जातो, कधीकधी जाहिरातीचा आणि प्रवासाचाही. रेकॉर्ड विकली गेली की बँडच्या वाट्याला येणाऱ्या टक्क्यांतून आधी उचल फिटते, मग उरलं तर तुमचं. बहुतेकांची फिटतच नाही. आणि गाण्यांची मालकी, ती कुठे कधी विकायची याचा निर्णय, हे सगळं कंपनीकडे. म्हणूनच तर अख्खा अल्बम स्पेनला जाऊ शकला. पुढे या लोकांनी ‘टेक देम ऑल’ नावाचं गाणं केलं, त्यात रेकॉर्ड कंपनीच्या साहेबांना भिंतीशी उभं करून गोळ्या घालायची भाषा आहे. चाल मात्र इतकी आनंदी, की वरातीत वाजवावी. अमेरिकेतल्या फुटबॉल क्लबांचे पाठीराखे हेच गाणं शब्द बदलून प्रतिस्पर्ध्यांना उद्देशून म्हणतात. त्यांतल्या किती जणांना मूळ राग कुणावर होता हे माहीत असेल, देव जाणे.

डेक्काने सोडल्यावर बँड विस्कटला. पोरं कामधंद्याला लागली. खरं तर कामधंदा सुटलाच नव्हता म्हणा.

मग १९८०-८१ मध्ये वेगळंच वारं आलं. ‘साउंड्स’ या साप्ताहिकातल्या गॅरी बुशेलने कामगार वस्त्यांतल्या पंक बँडांना एकत्र नाव दिलं: ‘ओय!’ कॉकनीत कुणाला हटकायचं तर असंच ओरडतात, आपल्या ‘ए!’सारखं. त्याने काढलेल्या संकलनांत कॉक स्पॅररची जुनी गाणी आली आणि नव्या पोरांनी विचारलं, हे कोण? आर्ट स्कूलमधून आलेल्या पंकवाल्यांपेक्षा हे निराळं होतं. फाटके कपडे मुद्दाम फाडलेले नव्हते. पायात डॉक मार्टेन्स, म्हणजे मुळात कारखान्यात घालायचे बूट. आणि गाणं आपल्या बोलीत, ‘ह’ गिळून, ‘ट’ खाऊन, जसं घरी बोलतात तसं.

आता अवघड भाग. ओय!च्या गर्दीत स्किनहेड खूप होते. साठीच्या दशकात हीच केस भादरलेली पोरं जमैकन संगीतावर नाचायची. सत्तरीच्या शेवटी त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना नॅशनल फ्रंटसारख्या वंशवादी पक्षांनी गाठलं. ३ जुलै १९८१ रोजी साउथॉलच्या हॅम्बरो टॅव्हर्न या पबात ओय! बँडांचा कार्यक्रम ठेवला गेला: द बिझनेस, द लास्ट रिसॉर्ट आणि द फोर-स्किन्स. साउथॉल म्हणजे लंडनमधलं पंजाब. तिथेच १९७६ मध्ये गुरदीप सिंग चग्गर या तरुणाचा खून झाला होता आणि १९७९ मध्ये नॅशनल फ्रंटविरोधी निदर्शनात ब्लेअर पीच हा शिक्षक मारला गेला होता. अशा वस्तीत बसगाड्या भरून स्किनहेड उतरले, दुकानांच्या काचा फुटल्या. पंजाबी पोरं रस्त्यावर आली आणि रात्री पब जळून खाक झाला. कॉक स्पॅरर त्या रात्री तिथे नव्हते. पण डाग सगळ्या ओय!लाच लागला.

भारतीय माणूस म्हणून या संगीतावर प्रेम करताना ही रात्र वगळता येत नाही. मी ती वगळत नाही. कॉक स्पॅररचं म्हणणं त्यांच्या ‘वॉच युअर बॅक’ या गाण्यात आहे: डावे असोत की उजवे, आम्हाला आपल्या झेंड्याखाली ओढायला येणाऱ्या सगळ्यांपासून सावध राहा. मला दोन्हींना एका तराजूत तोलणं पटत नाही. साउथॉलमध्ये काचा कुणी फोडल्या हे सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय १९८२ मध्ये त्यांनी ‘इंग्लंड बिलाँग्ज टू मी’ काढलं. त्यांच्या मते ते साधं देशप्रेमाचं गाणं. पण त्या काळात, त्या गर्दीसमोर, त्या शब्दांचा अर्थ गाणाऱ्याच्या हातात राहत नाही. चाल अप्रतिम आहे. आमचा बँड ते वाजवत नाही.

१९८३ मध्ये ‘शॉक ट्रूप्स’ आला. इथे मी जरा थांबणार आहे, कारण तुम्ही एकच अल्बम ऐकणार असाल तर हा ऐका. स्थापनेनंतर अकरा वर्षांनी त्यांच्या स्वतःच्या देशात निघालेला हा पहिला अल्बम, तोही रेझर नावाच्या छोट्या कंपनीकडून. ब्रिटनमध्ये बेकारांचा आकडा तेव्हा ३० लाखांच्या वर गेलेला. पहिलंच गाणं ‘व्हेअर आर दे नाऊ’: सत्याहत्तरला क्रांतीच्या गोष्टी करणारे ते सगळे हिरो आता कुठे आहेत? गाण्यात राग आहे, पण त्याखाली फसवणूक झालेल्या चाहत्याचं दुखणं आहे आणि ते जास्त बोचतं. ‘वर्किंग’, ‘रायट स्क्वॉड’, ‘वी आर कमिंग बॅक’ ही बाकीची गाणीही अशीच. गाणी बहुतेक बर्जेसची. वेग मध्यम. त्या काळी पंक बँडांत कोण जास्त जोरात पळतो याची शर्यत लागली होती. हे लोक चालत राहिले, म्हणून शब्द ऐकू येतात. बेस वाजवणारा म्हणून सांगतो, सुटे सूर सोपे आहेत, दोन आठवड्यांत बसतात. पण कोरसच्या आधी अर्धा क्षण थांबून सगळ्यांनी एकदम पडायचं, ते आम्हाला अजून नीट जमलेलं नाही.

पुढच्या वर्षीचा ‘रनिंग रायट इन ’८४’ मला फिका वाटतो. त्यानंतर बँड थांबला. भांडण नाही, निरोपाचा दौरा नाही, दुकानाचं शटर ओढावं तसा.

आणि मग आठ वर्षं जे झालं ते कोणत्याही कंपनीने केलं नाही. ‘शॉक ट्रूप्स’च्या कॅसेटी भरून हातोहात फिरल्या. जर्मनीत, अमेरिकेत, जिथे हा बँड कधी उभाही राहिला नव्हता तिथल्या पोरांना गाणी पाठ झाली. १९९२ मध्ये लंडनच्या ॲस्टोरियात ते पुन्हा वाजवायला उभे राहिले, तेव्हा आपल्याला विसरले असतील असं वाटणाऱ्या या मंडळींसमोर अख्खं थिएटर त्यांच्या आधी शब्द म्हणत होतं. (ते ॲस्टोरिया आता नाही. नव्या रेल्वेसाठी २००९ मध्ये पाडलं.) डॅरिल स्मिथ हा त्यांच्यापेक्षा तरुण गिटारवाला तेव्हा आला तो कायमचाच. पुढचे दोन अल्बम, १९९४ चा ‘गिल्टी ॲज चार्ज्ड’ आणि १९९७ चा ‘टू मंकीज’, एका छोट्या जर्मन कंपनीने काढले. मग २००७ मध्ये ‘हिअर वी स्टँड’, २०१७ मध्ये ‘फॉरएव्हर’, २०२४ मध्ये ‘हँड ऑन हार्ट’. दहा-दहा वर्षांच्या खंडाने अल्बम काढणारा बँड कंपनीच्या हिशेबात बसत नाही. पण आता कुणाची उचल घेतलेली नसल्याने हिशेब द्यायचाही नव्हता. ब्लॅकपूलच्या रिबेलियन महोत्सवात त्यांचं नाव अनेकदा सर्वांत वर असतं.

म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं, की या बँडच्या बाबतीत तरी नोकरी हाच आधार ठरला. मॅकफॉल, बोफॉय, बर्जेस आणि ब्रूस हे १९७२ चे चौघेही पन्नास वर्षांनंतर एकत्र वाजवत राहिले. पोट गाण्यावर नव्हतं, म्हणून वर्षातून मोजकेच कार्यक्रम घ्यायचे, नको ते नाकारायचे आणि घरी जायचं. एकमेकांचा वैताग यायला तेवढा सहवासच होत नाही, असं माझं निरीक्षण आहे. महिनोन्महिने एका व्हॅनमध्ये झोपणारे बँड फुटतात ते बहुधा पैशावरून नव्हे, मोज्यांच्या वासावरून.

किंमतही आहे, ती लपवू नये. हीच गाणी घेऊन ते १९८४ ते १९९२ या काळात जग फिरले असते तर? ती आठ वर्षं गेलीच. आणि आमच्यासारख्यांचं म्हणाल तर शिफ्ट बदलली की सराव बुडतो, ड्रमरची नाइट लागली की दोन आठवडे कुणी भेटत नाही. सध्या त्याची नाइटच चालू आहे. तोपर्यंत मी घरी बसून ‘टेक देम ऑल’चा बेस पक्का करतोय.