तबल्याचा क्लास काढा, पण आधी ते ४८ लाख यादीतून खोडा

मुलुंडच्या एका वाचकांचं पत्र आलंय. वय ४७, फोर्टमधल्या ऑफिसात २२ वर्षं, हातात येतात १ लाख ४० हजार, घरखर्च ८०. लिहितात, "लोकलमध्ये उभ्याउभ्या बोटं सॅकवर धा धिं धिं धा वाजवत असतात, रविवारी चार पोरं शिकायला येतात, आता नोकरी सोडून पूर्णवेळ क्लास काढू का? १ कोटी २३ लाख जमलेत."

साहेब, जमलेत कुठे? तुमच्याच यादीत पीएफ ४५, एफडी १८, म्युच्युअल फंड १२, झाले ७५. बाकीचे ४८ म्हणजे विमा पॉलिसीची मॅच्युरिटी, तीही २०३८ ची! एफडी रिन्यू करायला बँकेत गेलात आणि तिथल्या गोड बोलणाऱ्या पोराने "गॅरंटीड" म्हणत गळ्यात मारली, वर्षाला ३ लाख, १० वर्षं. ३० लाख भरून पंधराव्या वर्षी ४८, म्हणजे जेमतेम साडेचार टक्के पडतात हो, पीपीएफ ७.१ देतंय. तीन हप्ते गेले, उरलेले २१ लाख तबल्यातून भरणार?

विमा कंपनीकडून सरेंडर (पॉलिसी मोडून आत्ता मिळणारी रक्कम) आणि पेडअप (हप्ते थांबवून पॉलिसी चालू ठेवली तर शेवटी मिळणारी कमी रक्कम) असे दोन्ही आकडे लेखी मागवा. माझ्या मते पेडअप करून हप्ता थांबवा, पण आधी १ कोटीचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे निव्वळ जीव गेला तर घरच्यांना पैसे देणारा विमा, घ्या, तोही नोकरीत असतानाच, कारण सॅलरी स्लिप मागतात. मेडिक्लेमचंही तेच, आईंना शुगर आहे आणि त्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीवर, राजीनामा दिला की ते छत्र गेलं. नवीन पॉलिसीत जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात, म्हणून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशन, म्हणजे बदली, होतंय का ते एचआरला आत्ताच विचारा.

आता क्लास. १,२०० फी, २० मुलं धरली तरी २४ हजार, महिन्याला ५६ कमी, वर्षाला पावणेसात लाख. मुलीच्या इंजिनियरिंगचे १५ बाजूला काढले की उरतात ६०. व्याज महागाई खाईल असं धरा, नऊ वर्षांत डबा रिकामा, तुम्ही ५६ चे. आणि पहिल्याच महिन्यात २० पोरं येतील हे कोणी सांगितलं?

तीन वर्षं थांबा. हप्ता बंद झाला की महिन्याला ६० हजार उरतील, तीन वर्षांत साडेएकवीस लाख, शिवाय पीएफ वाढेल तो वेगळा. तोवर शनिवार-रविवार बॅच चालवा, चाराची बारा पोरं झाली की परत लिहा, तेव्हा पॉलिसीसोबतच्या प्रपोजल फॉर्मची प्रतही स्कॅन करून पाठवा, बँकेतल्या त्या पोराने त्यात तुमचं उत्पन्न किती लिहिलंय ते बघायचंय मला.