नोटीस पाठवल्याने मुदत थांबत नाही

ताई, सिझेरियनच्या वेळी पाठीत सुई टोचताच उजव्या पायात करंट बसावा तशी कळ गेली. तेव्हापासून पाऊल उचलत नाही, चालताना चप्पल मागेच राहते. ‘येईल हळूहळू’ या डॉक्टरांच्या भरवशावर वीस महिने गेले आणि आता नोटीस पाठवू का, असं विचारता. अशी पत्रं नेहमी येतात, आणि बहुतेक उशिराच येतात.

नोटीस जरूर पाठवा, पण उत्तराची वाट पाहत बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे कारण घडल्यापासून 2 वर्षांत ग्राहक आयोगात तक्रार दाखल व्हावी लागते. नोटीस, तडजोडीची बोलणी, चालू असलेली फिजिओथेरपी, कशानेही हा काळ थांबत नाही. ‘इजा नंतर कळली’ हेही तुम्हाला म्हणता येणार नाही. पाय पहिल्या दिवसापासून लुळा होता. 1993 च्या शस्त्रक्रियेत पोटात गॉज राहिल्याची 2004 मधली तक्रार सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये मुदतबाह्य ठरवली. त्रास सतत होत असताना इतकी वर्षं गप्प का, हाच प्रश्न तिथे नडला. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख धरूनच मोजा. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका.

तुमच्याकडे फक्त डिस्चार्ज कार्ड आहे, हे वाचून खरंच वाईट वाटलं. इतक्या महिन्यांत उपचारांचे कागद मागणारा एक साधा अर्ज द्यायला काय हरकत होती? मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांनुसार मागितल्यावर 72 तासांत कागद द्यायचे असतात, पण जपायचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षांचंच आहे. त्यातली भूलतज्ज्ञांची नोंद सगळ्यात मोलाची: सुई कोणत्या मणक्यांमधून घातली, किती वेळा टोचली, कळ आल्यावर ती मागे घेतली की तशीच ठेवून औषध सोडलं.

हलगर्जी झालीच, असं मी आज म्हणणार नाही. कळा देताना बाळाच्या डोक्याचा दाब पडूनही पायाची नस दुखावते. न्यूरॉलॉजिस्टकडून नसांची तपासणी करून लेखी मत घ्या, त्याशिवाय पुढे जाणं कठीण. संमतिपत्रावर सही आहे म्हणून दावा बुडत नाही, मात्र समजावून सांगितलेला धोका प्रत्यक्षात आला एवढ्यावर तो टिकतही नाही. उपचार सरकारी रुग्णालयात मोफत झाले असतील, तर ग्राहक आयोगाऐवजी बहुधा दिवाणी न्यायालयच गाठावं लागेल.

कागदांचा अर्ज उद्याच द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.