वय चौतीस, बारावी आर्ट्स, दोन लेकरं: आता नर्स होता येईल का?

"मॅडम, मले चौतिसावं लागलं. पोरगी नववीत हाये, पोरगा पाचवीत. आता कॉलेजात गेली तं लोकं हासतीन, अन् वयातबी बसतो का नाही, थेबी माहीत नाही." यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसकडच्या एका ताईंचा हा प्रश्न. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. पण प्रश्न एकट्या त्यांचा नाही. नवऱ्याचं चार एकर कोरडवाहू वावर, कापूस-सोयाबीनचं बेभरवशाचं उत्पन्न आणि घराला पक्क्या पगाराची गरज, अशा घरांतल्या कितीतरी बायका हाच सल्ला विचारायला आमच्याकडे येतात.

ताई तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात काही वर्षं मदतनीस होत्या. बीपी बघणं, ड्रेसिंग, सलाईन लावणं त्या तिथे बघून बघून शिकल्या होत्या. गावातले लोक त्यांना 'सिस्टर'च म्हणायचे. सोबत एक रंगीत पत्रक होतं: 'एक वर्षात नर्सिंग डिप्लोमा, वयाची अट नाही, १००% नोकरी'. प्रवेशाची रक्कम त्या दुसऱ्या दिवशी भरणार होत्या.

म्हणून वयाचा प्रश्न बाजूला ठेवून आम्ही आधी ते पत्रक हातात घेतलं. वयामुळे जेवढ्या बायकांचं नुकसान होतं, त्याहून जास्त नुकसान आम्ही अशा पत्रकांनी झालेलं पाहतो.

महाराष्ट्रात नर्स म्हणून काम करायचं तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक लागतो. तो मिळवून देणारे अभ्यासक्रम मोजके आहेत. एएनएम (सहाय्यक परिचारिका-प्रसाविका) दोन वर्षांचा, जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूती) तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. पहिल्या दोन्हींची परीक्षा राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, बी.एस्सी.ची नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. एका वर्षात नर्स होण्याचा कोणताही मार्ग नाही, आणि घरबसल्या दूरस्थ पद्धतीने तर नाहीच. ताईंना आम्ही त्या संस्थेत तीनच प्रश्न विचारायला सांगितले. भारतीय परिचर्या परिषद आणि राज्य परिषद यांच्या मान्यतेचं या वर्षीचं पत्र दाखवा. परीक्षा कोण घेणार? पास झाल्यावर परिषदेचा नोंदणी क्रमांक मिळेल का? तिसऱ्या प्रश्नावर उत्तर आलं, "त्याची गरजच पडत नाही." ताईंनी पैसे भरले नाहीत.

असे कोर्स सगळेच खोटे असतात असं नाही. रुग्ण-सहाय्यकाचा, म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स हे खरं कौशल्य आहे. आंघोळ घालणं, कूस बदलणं, खाऊ घालणं, रुग्णाला हलवणं हे त्यात शिकवतात आणि त्यावर नोकरीही मिळते. पण ती नर्सची नोकरी नाही. तोच कोर्स 'नर्सिंग' म्हणून विकला की फसवणूक होते. पाच वर्षांनी सरकारी भरतीचा अर्ज भरताना नोंदणी क्रमांकाचा रकाना रिकामा राहतो, तेव्हा बाईला ते कळतं. तोवर पैसाही गेलेला असतो आणि वयही.

आता वयाचं गणित. हे कागदावर जन्मतारीख लिहूनच करा, अंदाजाने नाही. एएनएम आणि जीएनएम, दोन्हींच्या प्रवेशाला कमाल वय ३५. कमीत कमी शिक्षण बारावी. शाखा कुठलीही चालते, विज्ञान असेल तर बरं. जीएनएमला बारावीत ४०% गुण आणि इंग्रजी विषय लागतो. ताईंची बारावी आर्ट्सची, ५२ टक्क्यांची, म्हणजे हे दोन्ही दरवाजे उघडे. बी.एस्सी.ला भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागतं, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. ज्यांची बारावी झालेली नाही, त्यांनी १७ नंबरचा फॉर्म भरून आर्ट्समधून बाहेरून परीक्षा द्यावी किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून करावी. ती बारावी नर्सिंगला चालते. पण पस्तिशीच्या जवळ असाल तर त्यात जाणारं वर्षही गणितात धरा.

दुसरी मर्यादा कुणी सांगत नाही. राज्यातल्या सरकारी भरतीसाठी खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांची वयोमर्यादा आहे. ताईंनी चौतिसाव्या वर्षी प्रवेश घेतला तर एएनएम छत्तिसाव्या वर्षी संपेल, जीएनएम सदतिसाव्या. खुल्या प्रवर्गातून जीएनएम केलं असतं तर सरकारी अर्जासाठी जेमतेम एक वर्ष उरलं असतं. आणि भरती दरवर्षी येते असं नाही. जिल्हा परिषदेची २०१९ ची भरती रखडत गेली आणि २०२३ मध्ये नव्याने जाहिरात निघाली. एका वर्षाच्या खिडकीवर घराचा पैसा लावायला आम्ही कुणालाही सांगणार नाही. ताई इतर मागासवर्गातल्या, त्यामुळे त्यांच्या हातात सहा-सात वर्षं होती. खासगी रुग्णालयांना ही मर्यादा लागू नाही. तिथे नोंदणी आणि हाताचं काम बघतात.

मग एएनएम की जीएनएम? यावर आमचं मत स्पष्ट आहे. गावाजवळ राहायचं असेल, लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी, घरभेटी या कामात मन असेल तर एएनएम. उपकेंद्रावरची आरोग्यसेविका हेच शिकलेली असते. सपाटीवर साधारण ५,००० आणि आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे, म्हणजे मेळघाटात किंवा गडचिरोलीत माणसं कमी पण पायपीट जास्त. वॉर्डात काम करायचं असेल, नागपूर-अमरावतीच्या रुग्णालयात जायची तयारी असेल तर जीएनएम. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: एएनएम झालेल्यांना पुढे जीएनएमला प्रवेश घेताना वयाची अट नाही. त्यामुळे तीन वर्षांची फी आणि घराबाहेर राहणं आत्ता झेपत नसेल तर आधी एएनएम करून कमवायला लागणं हा कमीपणा नाही, शहाणपणा आहे. ताईंनी तेच ठरवलं.

पुढची अडचण कागदांची. बहुतेक विवाहित बायका इथेच अडकतात. मार्कशीट आणि टीसीवर वडिलांचं नाव, आधार आणि बँकेत नवऱ्याचं. प्रवेशाचा अर्ज मार्कशीटवरच्याच नावाने भरायचा आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडायचा. लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत झालेलीच नसेल तर ती आधी करून घ्या. शिकत असताना मध्येच नाव बदलू नका, नाहीतर मंडळाची मार्कशीट एका नावाची आणि परिषदेची नोंदणी दुसऱ्या नावाची असा घोळ होतो. जातीचा दाखला माहेरच्या कागदांवरून निघतो. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो: वडिलांचा, आजोबांचा शाळेचा दाखला किंवा जुनी महसुली नोंद. ताईंच्या आजोबांचा दाखला दारव्ह्याकडच्या एका शाळेत सापडला, तोही भावाने दोन-तीन खेटे घातल्यावर. जात पडताळणीला महिने लागतात, म्हणून हे काम प्रवेशाच्या जाहिरातीची वाट न बघता सुरू करायचं. नॉन-क्रिमीलेअरची मुदत बघा, अधिवास दाखला काढा आणि मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र करा. पंधरा वर्षांचा गॅप असला तरी घाबरायचं कारण नाही. "घरकाम व शेतीकाम" असं खरं कारण लिहायचं.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर होतो. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, आणि हे खातं बाईचं स्वतःचं लागतं. नवऱ्यासोबतचं जुनं खातं आधारला जोडलेलं नसल्याने हप्ता अडकल्याची प्रकरणं दरवर्षी येतात. बँकेत जाऊन आधार जोडणी झाल्याची खात्री करा. प्रवेश घेण्याआधी ते कॉलेज आणि तो कोर्स शिष्यवृत्तीच्या यादीत आहे का हेही बघा. मूळ कागद कॉलेजात द्यावे लागले तर पोच घेतल्याशिवाय देऊ नका.

दुसऱ्या भेटीला त्यांचे मालक सोबत आले. विरोध नव्हता, काळजी होती: सोयाबीन काढणी, कापूस वेचणी, आईची शुगर, पोरांचे डबे. त्यांना आम्ही हजेरीचा नियम समजावून सांगितला. वर्गात ८०% हजेरी लागते, आणि प्रात्यक्षिकाचे दिवस शंभर टक्के भरून दिल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. म्हणजे ऑक्टोबरात पंधरा दिवस काढणीला घरी राहिलं तर तेवढी ड्युटी नंतर भरावी लागते आणि कोर्स लांबतो. बऱ्याच संस्थांत वसतिगृहात राहणं सक्तीचं असतं. त्यामुळे 'सांभाळून घेऊ' या शब्दावर आम्ही थांबत नाही. सकाळचा स्वयंपाक कोण करणार, सासूबाईंच्या गोळ्या कोण देणार, वेचणीला मजूर लावायचा खर्च कुठून येणार, हे नावानिशी लिहून घेतो. मालकांनी स्वयंपाकासमोर स्वतःचं नाव लिहिलं. लेकीने आजीच्या गोळ्या घेतल्या. मजुरीचा आकडा मात्र बसेना, तेव्हा एक एकर ठोक्याने, म्हणजे ठरावीक पैशांवर दुसऱ्याला कसायला द्यायचं ठरलं.

हसण्याची भीती राहिलीच होती. वर्गात अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरी असतात हे खरं. पण वॉर्डात चौतीस वर्षांची बाई कमी पडत नाही. रडणारं लेकरू धरणं, म्हाताऱ्याशी बोलणं, रक्त बघून न डगमगणं हे तिला आयुष्याने शिकवलेलं असतं. कमी पडतं ते इंग्रजीत आणि आकडेमोडीत, आणि दोन्ही सरावाने येतात. दवाखान्याच्या चिठ्ठ्यांमुळे ओडी (दिवसातून एकदा), बीडी (दोनदा), टीडीएस (तीनदा), एसओएस (गरज पडली तरच) ताईंना आधीच पाठ होतं. गणितासाठी आम्ही दोनच उदाहरणं दिली.

५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचं आहे, सेट (सलाईनची नळी) २० थेंबांना १ मिलीवाला. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. सेकंदकाट्याकडे बघून १५ सेकंद मोजायचे: दहा-अकरा थेंब पडले तर वेग बरोबर. ताई आजवर हे "अंदाजानं" सोडत होत्या. लहान लेकराला किंवा हृदयरोग्याला तोच अंदाज महागात पडतो, फुप्फुसात पाणी साठतं.

दुसरं, तापाचं औषध. १० किलोचं लेकरू, पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे एका वेळी १५० मिलिग्रॅम. बाटलीवर '५ मिलीत १२५' असेल तर ६ मिली, '५ मिलीत २५०' असेल तर ३ मिली. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्या. लेबल न वाचता 'एक झाकण' दिलं की डोस दुप्पट होतो किंवा निम्मा राहतो. हे सांगितल्यावर ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी जे करत होती थे शिकल्याबिगर करत होती." नोंदणी नसताना इंजेक्शन-सलाईन देणं कायद्यातही बसत नाही. प्रवेश होईपर्यंत त्यांनी दवाखान्यात फक्त मदतीचं काम ठेवलं, आणि डॉक्टरांना तसं सांगितलंही.

तब्येतीचं थोडक्यात. प्रवेशाआधी हिमोग्लोबिन तपासा. १२ च्या खाली असेल तर आत्ताच उपचार सुरू करा, कारण आठ तास उभं राहण्याची ड्युटी आणि रात्रपाळी अशक्तपणात निघत नाही. हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, तेव्हा पहिला प्रवेशाआधीच घ्या. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो, म्हणून तीही तपासणी करा. फक्त वाहक असाल तर नर्सिंगला अडचण नाही. आजार असेल तर रात्रपाळी आणि पाणी पिण्याच्या वेळांबद्दल डॉक्टरांशी आधी बोलून घ्या.

ज्यांची पस्तिशी उलटली आहे त्यांना आम्ही खोटी आशा दाखवत नाही. आधी एएनएम झालेलं नसेल तर जीएनएमचा दरवाजा बंद आहे. पण आरोग्याचं काम बंद नाही. आशा स्वयंसेविकेसाठी २५ ते ४५ वयाची, त्याच गावात राहणारी, विवाहित, विधवा किंवा परित्यक्ता बाई घेतात. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा असते, त्यामुळे गावातली जागा रिकामी आहे का हे ग्रामपंचायत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. मानधन कामावर आधारित असतं, पगार नसतो, हे धरूनच निर्णय घ्या. रुग्ण-सहाय्यकाचा कोर्स करून नागपूर-वर्ध्याच्या रुग्णालयांत काम मिळवणाऱ्या बायकाही आहेत.

ताईंची जात पडताळणी अजून समितीपुढे आहे, अर्जाची पोच हातात आहे. प्रवेशाच्या अटी आणि परीक्षेची पद्धत त्या वर्षीच्या माहितीपत्रकातून बघायची आणि फॉर्म तालुक्याच्या सायबर कॅफेवाल्यावर न सोपवता लेकीला शेजारी बसवून स्वतः भरायचा, असं ठरलं आहे. मोबाइल नंबरही नवऱ्याचा नाही, स्वतःचा द्यायचा. ओटीपी वावरात गेलेल्या फोनवर आला आणि मुदत संपली, असं मागच्या वर्षी त्यांच्याच गावातल्या एकीचं झालं.