आधी परवानगीचा मेल, मग फोटो

अगं, स्टेलेरियममध्ये, म्हणजे आपल्या त्या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घालायला तू जमवलेल्या फोटोंचं फोल्डर काल रात्री उघडून बघितलं. फोटो झकास आहेत पण निम्मे मी बाजूला काढलेत, रागावू नकोस, कारण सांगतो.

तू लिहिलंयस की नासाच्या साइटवरून घेतले, नासाचं सगळं फ्री असतं. नासाने स्वतः काढलेलं बहुतेक फ्री असतं हे खरं, पण ते रोज एक फोटो टाकतात ना, एपॉड, १९९५ पासून चालू आहे, तिथले कितीतरी फोटो हौशी लोकांनी काढलेले असतात आणि कॉपीराइट त्यांचाच असतो, नासाच्या साइटवर झळकला म्हणून तो नासाचा होत नाही. खाली बारीक अक्षरात नाव असतं ते वाचत जा. ईएसओ (युरोपची दक्षिणेतली वेधशाळा) आणि ईएसए-हबल (युरोपच्या अवकाश संस्थेची हबल दुर्बिणीची साइट) यांचं त्यामानाने सोपंय, बहुतेक सगळं सीसी बाय ४.०, म्हणजे नाव दिलं की कुणीही वापरावं असं लायसन्स, त्यांनी सांगितलंय तस्संच्या तस्सं क्रेडिट द्यायचं की झालं.

आणि लायसन्समध्ये 'नॉन-कमर्शियल', म्हणजे धंद्यासाठी वापरू नका असं, दिसलं की सरळ पुढे जायचं. तू म्हणशील काका आपलं सॉफ्टवेअर फुकटच आहे की, पण त्याचं लायसन्स जीपीएल, म्हणजे उद्या कुणी ते पेनड्राइव्हवर घालून विकलं तरी चालतं, मग त्या विकण्यात तुझा हा फोटो अडकतो, आणि डेबियनवाले (लिनक्सची एक आवृत्ती बनवणारे) तर असलं काही त्यांच्या मेन भागात घेतच नाहीत.

मी स्वतः यात तोंडघशी पडलोय. एका ओळखीच्याने फोनवर "घे रे, वापर" म्हटलं, मी त्याचा फोटो सॉफ्टवेअरमध्ये घातला, दोन वर्षांनी त्याला तोच फोटो कॅलेंडरसाठी विकायचा होता आणि तो म्हणाला मी तर तुला नुसता वापरायला दिला होता, सगळ्या जगाला वाटायला नाही. त्याचं काय चुकलं, मीच विचारलं नव्हतं. गिटमधून, म्हणजे सॉफ्टवेअरच्या सगळ्या जुन्या आवृत्त्या जपल्या जातात तिथून, फाइल उडवली तरी जुन्या हिस्टरीत ती बसलेलीच, ज्याने ज्याने क्लोन, म्हणजे पूर्ण कॉपी केलंय त्याच्याकडे आहेच. तेव्हापासून मेल मागतो, तीनच ओळी: कुठला फोटो, कुठलं लायसन्स, नाव कसं छापायचं. लाजायचं नाही, लोक खुशीने देतात.

बाकी टेक्निकल भाग तुला जमेल. बॅकग्राउंड पूर्ण काळं कर, स्टेलेरियम फोटोचा उजेड आकाशात मिसळतं, त्यामुळे जराही करडेपणा राहिला की नेब्युलाभोवती (तेजोमेघाभोवती) चौकोन दिसतो, पोस्टाचं तिकीट चिकटवल्यासारखा. आणि अ‍ॅस्ट्रोमेट्री डॉट नेटवर प्लेट सॉल्व्ह करून घे, म्हणजे ताऱ्यांवरून फोटो आकाशात नेमका कुठला ते ती साइट शोधून देते, फोटो उलटा, म्हणजे आरशातला असेल तर तिथेच कळतं. तुझा एम ५१ दीर्घिकेचा फोटो उलटा आहे बरं का!

आता खरं म्हणजे ज्यासाठी लिहायला बसलो ते. दुसऱ्यांचे फोटो शोधत बसतेस, पण पुणं १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गुच्छ इथून दक्षिणेला चांगला २४ अंश वर येतो, आणि जर्मनी-इंग्लंडमध्ये बसलेल्या माणसाला तो क्षितिजाच्या वर दिसतच नाही. सेंटॉरस ए ही दीर्घिका तर त्याहून जरा वरच. हे आपण काढायचे. सिंहगड रोडच्या गच्चीवरून नाही हं, तिथे एलईडीने वाट लावलीये. भोरच्या पुढे जाऊ, म्हणजे शहराचा उजेड उत्तरेला पाठीमागे राहतो. एप्रिल-मे, वळवाचे ढग जमायला लागायच्या आत, अमावस्येच्या आसपासचा शनिवार. टिळक स्मारकला ज्योतिर्विद्या परिसंस्थेत, त्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्थेत, चक्कर मार, तिथे कुणी ना कुणी बरोबर यायला तयार होईल.

गाडी आणि माउंट (कॅमेरा-दुर्बीण बसवायचा स्टँड) माझा. तू डबा आण, आणि फोटो आला की त्याचं लायसन्स तू ठरवायचं, मला तीन ओळींचा मेल पाठवून.

— काका